सदूदादाचं कुलूप

सदूदादाच्या दुकानातल्या लोखंडी कपाटात चाळीसचा बल्ब कायम पेटलेला असायचा. नवीन गिऱ्हाईक आलं की कपाटाच्या फटीतून येणारा पिवळा उजेड बघून विचारायचं, आत देव आहेत का. सदूदादा मान वर न करता म्हणायचा, "हायत की. जपानी हायत." आत दोन कॅमेरे, एक व्हीसीआर, काही लेन्स आणि पुढे पुढे एक काळं रेकॉर्डर मशीन, असा सगळा देव्हारा होता. नागावची खारी हवा लोखंड खाते, तांबं खाते, लेन्सवर बुरशी चढवते. बल्बच्या उबेनं आतली हवा कोरडी राहते, एवढंच त्यातलं शास्त्र. पण सदूदादा तो बल्ब इतक्या निष्ठेनं जपायचा, की त्याच्या बायकोच्या मते तिच्या मंगळागौरीलासुद्धा एवढं लक्ष कुणी दिलं नव्हतं.

मी लग्न होऊन पेणहून नागावला आले आणि वर्षभरातच घरात बसून कंटाळले. सासऱ्यांनी नाक्यावरचा गाळा दिला. त्यात मी झेरॉक्सचं मशीन आणि एक कॉम्प्युटर टाकून सीडी रायटिंगचं दुकान उघडलं. सदूदादाचं टीव्ही दुरुस्तीचं दुकान माझ्या भिंतीला भिंत लावून. चहा एकाच किटलीतून यायचा. अर्धा कप त्याला, अर्धा मला. हे वीस-बावीस वर्षं चाललं.

माणूस किडकिडीत, कान मोठे, बोलणं कमी. कुठलंही यंत्र उघडायच्या आधी तो चपला काढायचा. लोकांना वाटायचं श्रद्धा. मी विचारलं तेव्हा म्हणाला, "चपलेत वालू असतंय. मशीनला वालू चालत न्हाय." यंत्राचे स्क्रू तो करवंट्यांत ठेवायचा, एका यंत्राला एक करवंटी, आणि करवंटीवर खडूनं गिऱ्हाइकाचं नाव. स्क्रूला हात लावण्याआधी यंत्राच्या जाळीला नाक लावून तो लांब श्वास घ्यायचा. काय जळलंय, कुठं जळलंय, हे त्याला वासावरून कळायचं. शिकायला कुणी आलं की पहिल्या दिवशी एकच सांगणं: "आधी वास घे, मंग स्क्रू खोल." बहुतेक जण दुसऱ्या दिवशी यायचे नाहीत.

मी आले तेव्हा व्हीसीआरचे शेवटचे दिवस होते. एका हॉटेलवाल्यानं सिनेमाची भाड्याची कॅसेट आणली आणि म्हणाला, हिची कॉपी काढून दे. सदूदादानं दोन व्हीसीआर एकमेकांना जोडले आणि आम्हा दोघांना समोर बसवलं. मूळ कॅसेट स्वच्छ दिसत होती. कॉपीवर मात्र चित्र मधेच काळवंडायचं, मधेच भगभगायचं, माणसांचे चेहरे विझायचे आणि पुन्हा पेटायचे. हॉटेलवाला वैतागला. सदूदादाचा चेहरा मात्र खुलला होता.

"कंपनीनं कॅसेटीतच करून ठेवलाय ह्या," तो म्हणाला. "ज्यानी केलाय त्याच्या पाया पडायला पायजे. चोराला हात लावला न्हाय, शिवी दिली न्हाय. फक्त त्याच्या घरात कालोख केला."

"तुला हे चुकवता येत नाही का?" हॉटेलवाल्यानं विचारलं.

"येतंय. पन करनार न्हाय."

असा तो कुलूपवेडा. आणि भिंतीच्या पलीकडे मी दिवसभर सीडीच्या कॉप्या काढत बसलेली. भजनांच्या, सिनेमांच्या, मुलांच्या प्रोजेक्टच्या. कुणाची वस्तू, कुणाची परवानगी, हा प्रश्न मला कधी पडला नाही. झेरॉक्सचं बटण दाबताना पडत नाही तसाच.

त्याच्या हट्टाची गोष्ट सांगताना आमचा होमस्टेवाला विनायक अजून हसतो. हे बरंच अलीकडचं. क्रिकेटची फायनल होती, विनायकच्या वाडीत मुंबईची वीसेक माणसं उतरलेली. त्यानं नवा सेट टॉप बॉक्स आणून जुन्या प्रोजेक्टरला जोडला, नारळांच्या मधे पांढरा पडदा बांधला, आणि पडद्यावर काहीच येईना. सदूदादाला बोलावलं. त्यानं चपला काढल्या, दोन मिनिटं बघितलं आणि निदान सांगितलं. "बॉक्स विचारतंय, तू कोन. प्रोजेक्टर जुना, त्याला जबाब देता येत न्हाय. ओलख पटल्याबिगर बॉक्स चित्र सोडत न्हाय. तू चोरून रेकॉर्डिंग करशील, असा वाटतंय त्याला."

पाहुण्यांपैकी एक जण म्हणाला, "काका, बाजारात एक छोटा डबा मिळतो. मधे लावला की बॉक्स काही विचारत नाही."

"मिलतंय. माझ्या दुकानात हाय एक. मी लावनार न्हाय."

आणि मग हा मनुष्य घरी गेला, स्वतःचा जुना ढब्बू टीव्ही विनायकच्या टेम्पोत घालून आणला, प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवला आणि बॉक्सला जुन्या तीन रंगांच्या वायरींनी जोडून दिला. त्या वायरींना कुणी ओळख विचारत नाही. वीस माणसांनी गुडघ्याला गुडघा लावून ती फायनल बघितली. विनायक ही गोष्ट सांगतो तेव्हा मीही हसते, पण मला माहीत आहे की हा हट्ट त्याला कुठून लागला. कुलपांचं कौतुक त्याला आधीपासून होतं. त्याचं व्रत झालं ते माझ्यामुळे.

सदूदादाची आई चांगुणाबाई धवलारीण होती. इथल्या आगरी लग्नात धवलारीण लागतेच. हळदीला ती धवला गाते, म्हणजे देवांना, गेलेल्या माणसांना नावं घेऊन लग्नाला बोलावते, आणि नवरीचं नाव त्या गाण्यात ओवते. लिहिलेलं काही नसतं, सगळं तोंडी. चांगुणाबाईंचा आवाज खडबडीत होता, गोड अजिबात नव्हता. पण त्या गायला लागल्या की मांडवात भांडी घासणारी बाईसुद्धा हात थांबवायची. सदूदादा लग्नांचं शूटिंग करायचा, त्यामुळे कॅमेऱ्याच्या मागे लेक आणि पुढे आई, असं पुष्कळ लग्नांत व्हायचं.

लग्नघराला तो एकच डीव्हीडी द्यायचा. आणखी हवी असेल तर त्याच्याकडेच यायचं, असा त्याचा नियम. पण लोकांना तेवढा धीर नसायचा. ते शेजारच्या दुकानात, माझ्याकडे यायचे. तशीच थळच्या एका लग्नाची डीव्हीडी घेऊन एक डीजेवाला आला. नवरीचा कुणी नातेवाईक होता. त्याला आतला फक्त गाण्याचा भाग हवा होता. मी काढून दिला. कशाला हवाय, विचारलं नाही. सवयीनं एक कॉपी माझ्या कॉम्प्युटरवरही राहिली.

पुढच्या हळदीच्या दिवसांत एका दुपारी मी सदूदादाच्या घरी पडवीत बसले होते. चांगुणाबाई वाल सोलत होत्या. रस्त्यावरून डीजेचा टेम्पो आला. खाली ढोलाचा दणका आणि वर एका बाईचा खडबडीत आवाज. चांगुणाबाई आधी नुसत्या ऐकत राहिल्या. मग त्यांचे हात थांबले.

"ह्यो माझा आवाज," त्या म्हणाल्या. "माझा गाना कोनी नेला?"

टेम्पोमागे माणसं नाचत होती, दोघांच्या हातात बाटल्या होत्या. चांगुणाबाईंनी डोळ्यांना पदर लावला नाही की आवाज चढवला नाही. टेम्पो वळणावर दिसेनासा होईपर्यंत बघत राहिल्या आणि एवढंच बोलल्या, "देवांची नावां हायत त्याच्यान. त्या नावांवर नाचतान."

मी समोर बसले होते. माझ्या हातात वालाची शेंग होती, ती मी सोलत राहिले. त्या वेळी बोलले असते तर सगळं वेगळं झालं असतं का, ते मला सांगता येणार नाही. पण बोलायला हवं होतं. चांगुणाबाई त्या मोसमात एकाही लग्नाला गायला गेल्या नाहीत.

सदूदादा डीजेवाल्याशी भांडायला गेला नाही. तो मुंबईला गेला आणि दोन वस्तू घेऊन आला. एक ते काळं रेकॉर्डर मशीन, आणि एक तळहाताएवढी चपटी पेटी. मला बोलावून त्यानं सगळं समजावून सांगितलं. पेटी कॅमेरा आणि मशीनच्या मधे लावायची. मग चित्राबरोबर डोळ्यांना न दिसणारी एक खूण जाते: ह्याची एकदाच नोंद घ्या, पुढे कॉपी नाही. मशीन ती खूण पाळतं. आपल्या पोटातल्या डिस्कवर चित्र एकदाच उतरवतं आणि त्याला स्वतःच्या चावीनं कुलूप घालतं. चावी त्या मशीनच्या बोर्डातच राहते. डिस्क काढून दुसऱ्या कुठल्याही यंत्रात घाला, नुसता कचरा दिसेल. फार तर सगळं एका खास डीव्हीडीवर हलवता येतं, पण हलवलं की इथलं पुसलं जातं. कधीही, कुठेही, एकच.

"आता ने म्हनावा कोन नेतंय," सदूदादा म्हणाला.

ह्या मशीनसाठी चांगुणाबाई गायला तयार झाल्या. अट त्यांची होती. सदूदादाची मुलगी प्रज्ञा तेव्हा तिसरीत होती. "तिच्या हलदीपरत मी ऱ्हानार न्हाय," त्या म्हणाल्या. "तिचा धवला मी आताच गाते." आठ दुपारी पडवीचा पंखा बंद करून, कोंबड्या हाकलून, त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे धवले गायले. नवरीच्या नावाच्या जागी प्रज्ञाचं नाव. प्रज्ञा समोर पाटावर बसून चिंचा खात होती आणि नाव आलं की लाजत होती. मी पांढरी चादर धरून उजेड पाडायचं काम करत होते.

कॅमेऱ्यातल्या मूळ टेपा सदूदादानं त्याच आठवड्यात पुसल्या. मी म्हटलं, "अरे, टेपा तरी राहू दे."

तो माझ्याकडे बघून म्हणाला, "दोन जागी ठेवला का तिसरीकडं जातंय."

पुढच्या वर्षी चांगुणाबाई गेल्या. सदूदादानं ते रेकॉर्डिंग लावून बघितलं नाही. बघवत नाही, म्हणायचा. मशीन त्या कपाटात बल्बखाली ठेवलेलं. म्हाताऱ्या यंत्रावर किती भरवसा ठेवायचा, म्हणून ते डीव्हीडीवर हलवायचं त्याच्या मनात दर दिवाळीला यायचं. आणि दर दिवाळीला त्याचा हात थांबायचा. हलवताना इकडचं पुसत जाणार, तिकडचं लिहीत जाणार. "मधीच लाइट गेली तर?" नागावात वारा जोरात आला तरी लाइट जाते. त्यानं इन्व्हर्टर घेतला. मग इन्व्हर्टरच्या बॅटरीवर विश्वास बसेना. एवढा कसबी माणूस, पण ह्या एका कामाला घाबरला तो घाबरलाच.

मग एका वर्षी वादळ झालं. नारळ मुळासकट पडले, विजेचे खांब वाकले आणि कितीतरी दिवस गाव अंधारात राहिलं. तेवढे सगळे दिवस कपाटातला बल्ब विझलेला होता. लाइट आली त्या सकाळी मी माझ्या दुकानातला चिखल काढत होते. सदूदादानं मशीन बाहेर काढून टेबलावर ठेवलं. चपला काढल्या. जाळीला नाक लावून श्वास घेतला. आणि करवंटी न घेता, स्क्रूला हात न लावता, तो स्टुलावर बसून राहिला. मी दारातून विचारलं, "काय झालं?" त्यानं मान हलवली. वास आला होता.

बोर्ड खाऱ्या हवेनं खाल्लं होतं. डिस्क धडधाकट होती, आत आई गातच होती, पण चावी गेली होती. पुढची तीन वर्षं सदूदादानं काय केलं नाही ते विचारा. मुंबईच्या भंगार बाजारातून त्यानं अगदी तसंच दुसरं मशीन मिळवलं. आईची डिस्क त्यात घातली तेव्हा मला बोलावलं. टीव्हीवर इंग्रजीत पाटी आली. ही डिस्क ह्या मशीनची नाही, पुसून नवी करू का? खाली दोन चौकोन, होय आणि नाही. रिमोट धरलेला त्याचा हात मी बघत होते. त्यानं 'नाही' दाबलं. नंतर त्यानं जुन्या बोर्डावरची चिप उचलून नव्या बोर्डावर बसवायचा प्रयत्न केला, त्यात चिपही गेली.

"कुलूप चांगला बनवलाय," तो म्हणाला. रागानं नाही. व्हीसीआरच्या वेळी म्हणाला होता तसंच, फक्त चेहरा खुलला नव्हता.

गेल्या वर्षी प्रज्ञाचं लग्न झालं. हळदीला शेजारच्या गावची एक तरुण धवलारीण आली होती. वहीत बघून गात होती. दुसऱ्या धवल्यात अडखळली आणि पानं उलटू लागली. मांडवातल्या म्हाताऱ्या बायकांनी आठवून आठवून दोन ओळी पुढे नेल्या आणि त्याही थांबल्या. पिवळ्या अंगानं बसलेली प्रज्ञा हळूच म्हणाली, "बाबा, आजीचं लावणार होतात ना?"

"मशीन बिघडलाय, बाय," सदूदादा म्हणाला. लेकीला इतकी वर्षं त्यानं सांगितलंच नव्हतं.

माझ्या पर्समध्ये पेन ड्राइव्ह होता. जुन्या कॉम्प्युटरवरचं गाणं त्यात घेऊन, चालतोय की नाही तपासून मी तो मुद्दाम नेला होता. थळच्या लग्नातली चांगुणाबाईंची अकरा मिनिटं. हळदीचा डीजेवाला, तो जुना नव्हे, समोर बसला होता, त्याचा लॅपटॉप चालू होता, हात लांब केला की काम झालं असतं. पण दिला असता तर कुठून आला ते सांगावं लागलं असतं, तेही भरल्या मांडवात. मी पर्स मांडीवर धरून बसून राहिले. नंतर पंगतीला बसून जेवलेसुद्धा.

चार महिन्यांनी सदूदादाची छाती बिघडली. दुकान बंद झालं. कपाट घरी हलवलं, तेही त्याच्या अंथरुणावरून दिसेल असं पडवीत. डॉक्टरांनी काय सांगितलंय ते त्याच्या बायकोकडून कळलं तेव्हा मी गेले. भर सकाळ होती. तो खुर्चीत बसला होता. मी बसलेही नाही, उभ्यानंच सगळं सांगून टाकलं. डीजेवाला, डीव्हीडी, वालाची शेंग, पर्स. आणि फोन त्याच्यासमोर धरून ते गाणं चित्रासकट लावलं.

त्यानं आधी पायातल्या चपला काढल्या. मग फोन हातात घेतला. गाण्यात नवरीचं नाव यायला अजून वेळ होता, पण तो म्हणाला, "थलची निर्मला."

"तुला कसं कळलं?"

त्यानं पडद्याच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. तिथे खसखशीएवढा पांढरा ठिपका होता. इतक्या वेळा बघूनही मला तो कधी दिसला नव्हता. प्रत्येक घराच्या डीव्हीडीतल्या चित्रात तो हा ठिपका वेगळ्या जागी टाकायचा आणि कुठला कुणाचा, ते त्यानं वहीत लिहिलेलं असायचं. टेम्पो गेला त्याच आठवड्यात त्यानं डीजेवाल्याकडचं चित्र बघितलं होतं आणि थळला जाऊन आला होता. डीव्हीडी कुणी कापून दिली, ते त्या घरानं सरळ सांगितलं होतं.

"तेव्हाच?" मी म्हटलं.

"तवाच."

"मग मला बोलला का नाहीस?"

"काय बोलनार. रोज चाय एका किटलीतला. बोललो असतो तर तू दुकान उचलून गेली असतीस."

मी म्हटलं, "लग्नात तरी मागायचंस."

त्यानं फोनचा आवाज थोडा कमी केला. मग म्हणाला, "तू पर्स धरून बसली व्हतीस. मी बघत व्हतो. वाटला, हाय हिच्याकडं. आता देल."

मला रडू आलं. त्यानं तिकडे लक्ष दिलं नाही. गाणं संपलं, तसं त्यानं पुन्हा पहिल्यापासून लावलं आणि म्हणाला, "याची एक कॉपी काढ. प्रज्ञाला धाड."

इतक्या वर्षांत हा शब्द मी त्याच्या तोंडून मागणी म्हणून कधी ऐकला नव्हता. मी म्हटलं, "दादा, यात नाव निर्मलाचं आहे."

"असूंदे. आवाज तर तिच्या आजीचा हाय."

मी निघाले. फाटकापर्यंत गेल्यावर आठवलं, फोन त्याच्याकडेच राहिला. परत वळले. सदूदादा भिंतीला धरून उठला होता आणि अनवाणी कपाटासमोर उभा होता. दार उघडं होतं. त्यानं माझा फोन आत बल्बखाली, त्या मेलेल्या काळ्या मशीनच्या शेजारी ठेवला होता आणि चांगुणाबाई आतून गात होत्या. आत निर्मलाचं नाव यायची जागा आली, तेव्हा तो आपल्या पडक्या आवाजात तिथे प्रज्ञाचं नाव घालून म्हणत होता.

मी फोन न घेताच घरी आले. तिसऱ्या दिवशी तो गेला. प्रज्ञा माझा फोन परत द्यायला आली तेव्हा मी तिच्या हातात पेन ड्राइव्ह ठेवला, आणि तिनं विचारायच्या आधी तो कुठून आला ते सांगितलं.